पुरातून बाहेर पडण्यासाठी गाडी कोणती? वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

पावसाळा जवळ आला की पूर आणि वाहन या विषयावरची पत्रे या सदराकडे हमखास येतात. या वेळी त्यांतील पाच पत्रांना उत्तरे देत आहे. पहिले उत्तर बरेच लांबले आहे, कारण कृष्णा-पंचगंगेच्या काठावरच्या असंख्य घरांपुढे नेमका तोच पेच असतो.

प्रश्न : आमचे गाव शिरोळ तालुक्यात नदीकाठी आहे. आजी धरून घरात सात माणसे असून आजींना चालता येत नाही. दावणीला दोन म्हशी आणि एक गाय आहे. २०१९ आणि २०२१ या दोन्ही महापुरांत आम्ही अगदी शेवटी, कमरेएवढ्या पाण्यातून ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून बाहेर पडलो. यंदा जुनी चारचाकी घ्यायचे ठरवले आहे. धाकटा भाऊ म्हणतो, फोर बाय फोरच (चारही चाकांना इंजिनाची ताकद मिळणारी गाडी) घ्यावी, म्हणजे पाण्यातूनही निघता येईल. वडिलांचा ओढा बोलेरो किंवा ट्रॅक्सकडे आहे. आपले मत कळवावे.

उत्तर : आपल्या वडिलांचे म्हणणे बरोबर आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. आपल्या भावाचा आग्रह ज्या समजुतीवर उभा आहे ती फार पसरलेली आहे आणि जिवावर बेतणारी आहे, म्हणून आधी तिच्याविषयी लिहितो.

गाडी किती खोल पाण्यातून जाऊ शकते याचा एक आकडा कंपन्या जाहीर करतात. महिंद्राच्या नव्या थारसाठी तो ६५० मिलिमीटर, तर फोर्सच्या गुरखासाठी ७०० मिलिमीटर सांगितला जातो. हा आकडा खोटा नसतो. परंतु तो साचलेल्या पाण्याचा, टणक तळाचा आणि अगदी संथ वेगाचा असतो. इंजिनात आणि विजेच्या जोडण्यांत पाणी शिरणार नाही, एवढेच तो सांगतो. वाहते पाणी गाडीला ढकलते आणि त्याआधी उचलते, हा हिशेब त्यात नसतो.

तो हिशेब आपल्याला घरीही मांडता येईल. थारची लांबी आणि रुंदी यांचा गुणाकार केला तर सुमारे सात चौरस मीटर भरतात. गाडीच्या तळाला पाणी टेकल्यानंतर ते दर दहा सेंटिमीटर चढले की सहा-सातशे किलोच्या आसपास वजन पाणी उचलू लागते. गाडीचे वजन पावणेदोन टनांच्या घरात धरले, तर तळाच्या वर वीत-दीड वीत पाणी आले की चाकांवरचा भार जवळजवळ संपतो. गाडी पाणबंद नसल्यामुळे थोड्या वेळाने आत पाणी भरून ती पुन्हा खाली टेकेल हे खरे, पण फरशीवरून (ओढ्यावरच्या बुटक्या पुलावरून) बाजूला वाहून जाण्यासाठी तेवढा वेळ पुरेसा असतो. वाहते पाणी एक फूट असले तरी लहान मोटार तरंगू लागते आणि दोन फूट पाणी जीप किंवा पिकअपलाही घेऊन जाऊ शकते, असे आपत्तिनिवारणाच्या क्षेत्रात जगभर सांगितले जाते ते याच कारणामुळे. चारही चाकांना ताकद मिळण्याचा उपयोग चाके जमिनीला घट्ट टेकलेली असतील तेव्हाच होतो. शिवाय गढूळ पाण्याखाली मोरी खचली आहे की शाबूत आहे, रस्त्याची कड कुठे संपते, हे कोणत्याही गाडीतून दिसत नाही.

इंजिनाची गोष्ट याहून निराळी आहे. इंजिन हवा ओढते, आणि त्या वाटेने हवेऐवजी पाणी आत गेले तर पिस्टन ते दाबू पाहतो. पाणी दाबले जात नसल्यामुळे कनेक्टिंग रॉड वाकतो आणि गाडी भर पाण्यात बंद पडते. म्हणूनच पाण्यात बंद पडलेल्या गाडीला पुन्हा सेल्फ मारणे ही सर्वांत महागात पडणारी चूक ठरते. तेव्हा पाण्यातून जाऊ शकणारी गाडी शोधण्यापेक्षा, पाणी रस्त्यावर येण्याच्या आदल्या दिवशी हमखास सुरू होणारी गाडी शोधणे आपल्या हिताचे आहे.

आपल्या तालुक्याला निसर्गाने एक सवलत दिली आहे आणि ती वाया घालवू नये. कोकणातला पूर काही तासांत छातीपर्यंत येतो. आपल्याकडचा पूर फूट आणि इंचांच्या हिशेबाने दिवसेंदिवस चढतो. राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे उघडल्याची बातमी पाण्याच्या पुष्कळ आधी आपल्यापर्यंत येते. कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी पावसाळ्यात रोज जाहीर होते. तिथे ३९ फूट ही इशारा पातळी आणि ४३ फूट ही धोका पातळी मानली जाते. माझी विनंती अशी आहे की आपण घरापुरते दोन आकडे आजच ठरवून भिंतीवर लिहून ठेवावेत: ३९ फुटांना जनावरे निघतील आणि ४३ फुटांच्या आत आजी निघतील. आपल्या गावाचा रस्ता ज्या ओढ्यावर किंवा फरशीवर पहिल्यांदा बंद होतो ती जागा याहून आधी बुडत असेल, तर आकडे त्याप्रमाणे खाली आणावेत. गाडी कोणतीही घेतली तरी हे ठरलेले नसेल, तर ‘अजून थोडे बघू’ म्हणता म्हणता आपण पुन्हा ट्रॉलीवरच येऊन पोहोचाल.

आता प्रत्यक्ष निवडीकडे वळतो. आजी टेकून बसू शकतात की त्यांना आडवेच न्यावे लागते, हे आपण पत्रात लिहिलेले नाही, आणि सगळी निवड त्यावरच अवलंबून आहे. बोलेरोत पुढे दोन, मध्ये तीन आणि मागच्या समोरासमोरच्या बाकड्यांवर दोन अशी सात माणसे बसतात. आजी उशा लावून बसू शकत असतील तर सर्वजण एका खेपेत निघतील. परंतु त्यांना मधल्या सीटवर आडवे करावे लागले, तर पाय जवळ घेऊन बसणारे एखादे माणूस धरूनही गाडीत जेमतेम सहाच जण मावतील. उरलेल्या एकासाठी दुसरी खेप करावी लागेल. जयसिंगपूरपर्यंतची दुसरी खेप वेळेवर निघाल्यास अवघड नाही, मात्र ती गृहीत धरूनच निघण्याची वेळ ठरवावी. आजी अजिबात बसू शकत नसतील तर ट्रॅक्स क्रूझरसारखी लांब गाडी घ्यावी, जिच्या मागच्या भागात गादी पसरून माणसाला सरळ झोपवता येते. या गाड्या रुग्णवाहिका म्हणून वापरल्या जातात त्या याच सोयीसाठी. सौदा करण्यापूर्वी गाडी दारात आणवून आजींना एकदा प्रत्यक्ष बसवून किंवा झोपवून पाहावे. गाडी उंच असली की आजारी माणसाला उचलून आत घेणे दोघांनाही जड जाते. त्यासाठी लागणारे भक्कम लाकडी पाट किंवा स्टूल तेव्हाच करून घ्यावे.

बोलेरोच्या बाजूने आणखी एक गोष्ट आहे. चॅसीवर बांधलेली, मागे पाटे असलेली ही साधी गाडी आहे आणि तिचे सुटे भाग तालुक्याच्या गावी मिळतात. जुन्या पद्धतीची डिझेल इंजिने आपल्याकडचा कोणताही मेस्त्री खोलू शकतो. अलीकडच्या बीएस-सहा (प्रदूषणाच्या नव्या निकषांच्या) गाड्यांत सेन्सर बिघडला तर संगणक लावल्याशिवाय दोष कळत नाही, आणि पूर आलेल्या आठवड्यात तो संगणक असलेले गॅरेज पाण्याच्या पलीकडे असते. म्हणून घेताना मॉडेलच्या आधी मेस्त्री ठरवावा: आपल्या गावातला मेस्त्री जी गाडी रोज हाताळतो, तीच आपल्यासाठी विश्वासाची.

फोर बाय फोरचा खरा उपयोग चिखलात आहे. आपले घर गावठाणात नसून मळ्यात असेल आणि डांबरी रस्त्यापर्यंत पाणंदीने यावे लागत असेल, तर भावाच्या म्हणण्याचा विचार जरूर करावा. मात्र काळ्या मातीत गुळगुळीत टायर असलेली फोर बाय फोरही जागच्या जागी फिरत राहते. साध्या गाडीला नवे, खोल नक्षीचे टायर घातले तर त्यासाठी होणारा खर्च कितीतरी कमी येईल.

जनावरांच्या बाबतीत मात्र घरच्या चारचाकीचा काहीच उपयोग नाही, आणि माझ्या मते २०१९ मध्ये अनेक घरे मागे राहिली ती जनावरांपायीच. एक चांगली म्हैस पाचशे किलोच्या आसपास भरते. छोटा हत्ती टेम्पो साधारण पाऊण टन वाहतो, म्हणजे एका खेपेला एकच म्हैस नेता येईल. मोठ्या पिकअपमध्ये दोन म्हशी आणि गाय जाऊ शकतील. शेजारच्या दोन-तीन घरांनी मिळून एका पिकअपवाल्याशी जूनमध्येच बोलून ठेवावे, भाडे आणि ठिकाण ठरवावे, आणि चढवण्यासाठी फळ्यांचा उतार तयार ठेवावा. गोठा रिकामा झाला की घरातल्या माणसांचा पाय लगेच निघतो.

ट्रॅक्टर राहू द्यावा. वैरण, धान्याची पोती आणि भांडीकुंडी हलवण्यासाठी त्याच्याएवढे सोयीचे दुसरे काही नाही. मात्र माणसांना वाहत्या पाण्यातून ट्रॉलीत नेण्याची पाळी पुन्हा येऊ देऊ नये, कारण ट्रॅक्टर वजनाने टिकला तरी मागची ट्रॉली प्रवाहात आडवी होते आणि आपल्याबरोबर ट्रॅक्टरलाही ओढते. शेवटच्या घटकेपर्यंत थांबलेल्यांना मग बोटीशिवाय मार्ग उरत नाही, आणि पलूस तालुक्यातील ब्रह्मनाळ येथे ८ ऑगस्ट २०१९ रोजी बोट उलटून जे घडले ते आपल्या भागात कोणी विसरलेले नाही.

गाडी घेतल्यावर ती पुरासाठी म्हणून झाकून ठेवू नका. उभ्या गाडीची बॅटरी उतरते आणि नेमक्या त्या पहाटे सेल्फ लागत नाही. आठवड्यातून एकदा दहा-पंधरा किलोमीटर फिरवावी, जून ते सप्टेंबर टाकी अर्ध्याच्या खाली जाऊ देऊ नये, स्टेपनीत हवा, जॅक, पाना आणि टोचन करण्यासाठी मजबूत दोर असल्याची खात्री करावी. २०१९ मध्ये शिरोलीजवळ पुणे-बंगळूर महामार्ग कित्येक दिवस बंद राहिला आणि कोल्हापुरात इंधनाची टंचाई झाली, हे आपल्याला आठवत असेलच. घरात प्लॅस्टिकच्या कॅनमध्ये पेट्रोल साठवणे मात्र कटाक्षाने टाळावे.

प्रश्न : मी सांगलीत सखल भागात राहते. यजमान नोकरीनिमित्त परगावी असतात. घरी मी, दोन मुले आणि गुडघ्यांचा त्रास असलेल्या सासूबाई. आमच्याकडे सीएनजीवर चालणारी वॅगन आर आहे. ही विकून उंच एसयूव्ही घ्यावी, असे सर्वजण सुचवतात. ते योग्य होईल का?

उत्तर : ताई, गाडी विकू नका. सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेची इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट आहे. तिथले पाणी चढू लागल्यापासून आपल्या गल्लीत येईपर्यंत चौघांनी विश्रामबाग किंवा मिरजेकडे जाण्यास आपली गाडी पूर्ण समर्थ आहे. आपण ती रोज चालवता, तिची सवय हाताला आहे, हा गुण नव्या मोठ्या गाडीत पैसे देऊनही मिळणार नाही. सासूबाईंनाही तिच्यात बसणे उंच एसयूव्हीत चढण्यापेक्षा सोपे जाते.

दोन उणिवा मात्र भरून काढाव्या लागतील. सीएनजीच्या टाकीमुळे मागे सामानाला जवळपास जागा उरत नाही, म्हणून छताला कॅरियर बसवून घ्यावा किंवा कागदपत्रे, औषधे आणि दोन दिवसांचे कपडे मावतील एवढ्याच पिशव्या ठरवून ठेवाव्यात. दुसरे म्हणजे सीएनजीवर भिस्त ठेवू नये: वीज गेली की गॅस भरण्याचे पंप बंद पडतात आणि रांगा तर एरवीही असतात. आपल्या गाडीला पेट्रोलची टाकीही आहे. पावसाळ्यात ती भरलेली ठेवावी आणि अधूनमधून गाडी पेट्रोलवर चालवून पाहावी, कारण महिनोन्महिने केवळ गॅसवर चाललेली गाडी पेट्रोलवर टाकताच कुरकुर करते. रस्त्यावर वाहते पाणी दिसले, मग ते घोट्याएवढे का असेना, तर गाडी मागे फिरवावी. उंच एसयूव्हीतही मी आपल्याला हेच सांगितले असते.

प्रश्न : जुनी गाडी घेताना ती आधीच्या पुरात बुडालेली नाही ना, हे कसे ओळखावे? विक्रेता अर्थातच सांगत नाही.

उत्तर : धुऊन-पुसून, सीटकव्हर बदलून उभी केलेली गाडी वरवर नवीच दिसते. म्हणून जिथे धुणाऱ्याचा हात पोहोचत नाही तिथे पाहावे. सीटबेल्ट शेवटपर्यंत बाहेर ओढा. गुंडाळीच्या तळाशी असलेल्या पट्ट्यावर गाळाची पिवळट रेघ किंवा ताठरपणा आढळला तर तिथेच थांबावे. स्टेपनी काढून तिच्या खाचेत बोट फिरवावे. सीट ज्या रुळांवर सरकते त्यांचे स्क्रू गंजलेले आहेत का आणि डॅशबोर्डखालच्या वायरींच्या गुच्छात बारीक माती आहे का, हे टॉर्च लावून बघावे. हेडलाइटच्या काचेत आतून बाष्प धरलेले असणे आणि काचा बंद करून एसी लावल्यावर कुबट वास येणे, हेही वाईट लक्षण होय. भरपूर सुगंधी स्प्रे मारलेली गाडी मी तरी दोनदा तपासतो.

कागदपत्रांत विम्याचा इतिहास मागावा. बुडालेल्या गाडीचे इंजिन उघडून नीट केले तरी वायरिंगमधला गंज पुढे वर्ष-दोन वर्षांनी बोलतो, आणि आणीबाणीसाठी म्हणून घेतलेल्या गाडीत असा दोष परवडणारा नाही. नवा विमा घेताना केवळ थर्ड पार्टी घेऊ नये, कारण त्यात पुराचे नुकसान मुळीच येत नाही. सर्वसमावेशक विम्यातही पाण्यात गाडी सुरू करण्याच्या प्रयत्नात इंजिन गेले तर दावा बहुधा नाकारला जातो. त्यासाठी इंजिन संरक्षणाची जोड वेगळी घ्यावी लागते.

प्रश्न : पुण्यात सिंहगड रस्त्यालगत आमचा फ्लॅट आहे. जुलै २०२४ मध्ये खडकवासल्यातून पाणी सोडल्यावर एकतानगरीत काय झाले ते आम्ही जवळून पाहिले. आता इलेक्ट्रिक मोटार घ्यायची आहे. पाण्यात ती धोकादायक ठरेल का?

उत्तर : बहुतेक इलेक्ट्रिक मोटारींच्या बॅटरीला ‘आयपी ६७’ दर्जा असतो, म्हणजे एक मीटर खोल पाण्यात अर्धा तास राहूनही आत पाणी शिरू नये, अशी तिची चाचणी झालेली असते. साचलेल्या पाण्यातून जाताना शॉक बसेल ही भीती त्यामुळे फारशी खरी नाही. मात्र रात्रभर पाण्याखाली राहिलेली बॅटरी ही वेगळी बाब आहे. अशी गाडी पाणी ओसरल्यावर चार्जिंगला लावू नये, सुरू करू नये आणि इमारतीपासून व इतर वाहनांपासून दूर, मोकळ्या जागी ठेवून कंपनीच्या माणसाला बोलवावे, कारण आग काही दिवसांनीही लागू शकते.

आपल्यासारख्यांनी गाडीचा प्रकार ठरवण्याआधी पार्किंगची जागा ठरवावी, असे मला वाटते. विसर्गाचा इशारा मिळताच गाडी उंच रस्त्यावर कुठे उभी करणार, हे सोसायटीने मिळून ठरवलेले असावे आणि त्या काळात चार्जिंग निम्म्याखाली जाऊ देऊ नये, कारण पुराच्या वेळी वीज बंद केली जाते. तळघरात किंवा खालच्या पार्किंगमध्ये पाणी शिरू लागल्यानंतर मात्र गाडी काढायला कोणीही खाली उतरू नये, मग ती कितीही महाग असो. गाडी चालवताना पाण्यात अडकलात तर विजेवर चालणाऱ्या काचा आणि सेंट्रल लॉक निकामी होण्यापूर्वी काच खाली घेऊन बाहेर पडावे. २६ जुलै २००५ रोजी, सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला त्या दिवशी, मुंबईत बंद गाड्यांत अडकून माणसे दगावली होती. काच फोडण्याची लहान हातोडी चालकाच्या हाताशी असावी आणि तिचा घाव बाजूच्या काचेच्या कोपऱ्यात घालावा. समोरची काच थरांची असल्याने ती तडकते पण फुटून मोकळी होत नाही.

प्रश्न : आम्ही चिपळूण बाजारपेठेजवळ राहतो. २२ जुलै २०२१ च्या पुरात आमची मोटार गेली. पुढच्या वेळी गाडीने कुंभार्ली घाटातून कराडला निघून जावे, असा विचार आहे. त्यासाठी कोणती गाडी घ्यावी?

उत्तर : हा विचार सोडून द्यावा, असे मी आपल्याला कळकळीने सांगतो. वाशिष्ठीचे पाणी चढते तेव्हा सह्याद्रीवर अतिवृष्टी चालू असते, आणि त्याच तासांत कुंभार्ली किंवा परशुराम घाटात दरड कोसळण्याचा संभव सर्वाधिक असतो. पुढे दरड आणि मागे पाणी अशा जागी रात्री अडकण्यापेक्षा आपल्याच इमारतीचा वरचा मजला कितीतरी सुरक्षित आहे.

शिरोळच्या वाचकांना मी लवकर निघण्याचा सल्ला दिला, कारण तिथे पूर अवधी देतो. चिपळूणला तो अवधी तासांचाच मिळतो आणि भरतीची वेळ जुळली तर त्याहूनही कमी. म्हणून अतिवृष्टीचा रेड अलर्ट असेल त्या संध्याकाळीच, उजेड असताना, गाडी शहरातल्या उंच भागात नेऊन ठेवावी. म्हातारी माणसे आणि लहान मुले यांना तिच्यातूनच तिकडच्या नातेवाइकांकडे पोहोचवावे. या कामाला कोणतीही लहान, साधी, चालू स्थितीतली गाडी पुरते. मोठ्या गाडीसाठी काढून ठेवलेल्या पैशांतून वरच्या मजल्यावर पिण्याच्या पाण्याची टाकी, गॅसची शेगडी, इन्व्हर्टर आणि घरातल्या प्रत्येकासाठी जीवरक्षक जाकीट यांची सोय करावी. जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षाचा १०७७ आणि आणीबाणीचा ११२ हे दोन्ही क्रमांक घरातल्या सर्वांच्या मोबाइलमध्ये आजच नोंदवून ठेवावेत.